दवाखान्याचे दार आणि माळावरची झोपडी : प्लेगच्या काळात उपचाराला जावे की न जावे?

१/
पुणतांबा. गोदावरीकाठचे, चांगदेवांच्या समाधीने ओळखले जाणारे नगर जिल्ह्यातले जुने गाव. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि हा सारा परिसर एकीकडे पुण्याशी, तर दुसरीकडे मनमाडमार्गे मुंबईशी जोडला गेला. धान्य, गूळ, यात्रेकरू आणि मजूर या रुळांवरून ये-जा करू लागले. अठरा वर्षांनंतर लोहमार्गांच्या याच जाळ्यातून एक रोगही महाराष्ट्रभर फिरू लागला. त्याचे नाव प्लेग.

२/
त्या रोगाने घराघरांत एक प्रश्न उभा केला. अंगात ताप आहे, काखेत किंवा जांघेत गाठ आली आहे. आता इस्पितळात जावे की घरीच राहावे? इंग्रज अधिकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर सोपे मानले : जे येत नाहीत ते अडाणी. पण १८९६ ते १८९८ या काळातल्या घटना क्रमाने पाहिल्या, तर लोकांच्या नकारामागे एक सरळ हिशेब दिसतो. तो हिशेब समजून घेण्यासाठी हा धागा.

३/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही रुग्ण तपासले आणि हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग असल्याचे सांगितले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखार. तिथे पोत्यांच्या थप्प्या, थप्प्यांखाली उंदीर आणि वरच्या मजल्यांवर दाटीने राहणारी माणसे. रोगाला याहून सोयीची जागा मिळणे कठीण होते.

४/
ऑक्टोबरच्या आरंभी मुंबई महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी कडक आदेश काढला. संशयित रुग्णाला, त्याची इच्छा असो वा नसो, इस्पितळात हलवण्याचा अधिकार पालिकेने स्वतःकडे घेतला. घरे धुणे, चुना मारणे, सामान जाळणे हेही सुरू झाले. प्लेगवर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसीनसारखी प्रतिजैविके यायला अजून जवळजवळ अर्धे शतक होते.

५/
इथे हिशेबाचा पहिला आकडा मांडावा लागतो. इस्पितळात गेल्याने रोग बरा होण्याची शाश्वती नव्हती. रुग्ण तिथे बहुधा अखेरच्या अवस्थेत पोहोचत, त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण फार मोठे असे. आत गेलेला माणूस परत येत नाही, हे चाळीतल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले होते. तिथे नेऊन माणसांना मारतात, त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे तेल काढतात, अशा अफवा याच अनुभवावर पोसल्या गेल्या. अफवा खोटी होती. तिच्या मुळाशी असलेले मृत्यू खरे होते.

६/
२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडवरच्या इस्पितळावर हल्ला केला. पाठोपाठ पालिकेने सक्ती सैल केली. त्यामागे आणखी एक भीती होती. शहराची सफाई करणारे हलालखोर या धास्तीने मुंबई सोडून गेले असते, तर शहर चार दिवसही टिकले नसते. सत्तेलाही आपला हिशेब करावा लागला.

७/
तोवर लोकांनी पायांनी उत्तर द्यायला सुरुवात केली होती. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडल्या. कोकणात बोटींनी, देशावर आगगाड्यांनी माणसे आपापल्या गावी निघाली. त्यांतल्या काहींच्या वळकट्यांबरोबर रोगही निघाला.

८/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. कायदा लहान, पण त्याचे हात लांब. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे, संशयितांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवासात वेगळे ठेवणे, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, असे संरक्षणही त्यात होते. म्हणजे तपासणीला नकार देण्याची मुभा नाही आणि तपासताना अन्याय झाला तर दाद मागण्याची वाटही अरुंद.

९/
आता तपासणी म्हणजे नेमके काय, ते पाहू. प्लेगची गाठ प्रामुख्याने जांघेत, काखेत किंवा मानेत येते. म्हणजे रोग शोधायचा तर अंगावरचे वस्त्र दूर करावे लागते. परपुरुषाने नाडी पाहणेही जिथे अवघड, तिथे फलाटावर किंवा अंगणात अनोळखी गोऱ्या माणसाने स्त्रीची काख तपासावी, ही कल्पनाच असह्य होती. पुरेशा स्त्री-डॉक्टर नव्हत्या. ज्या थोड्या होत्या, त्या सर्वत्र पोहोचणे शक्य नव्हते.

१०/
पुण्यात ही गोष्ट टोकाला गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी पुण्यात आला. प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत घरोघर झडत्या झाल्या. त्या कामी गोरे शिपाई लावले गेले. रुग्ण सापडला की त्याला प्लेग इस्पितळात नेत आणि घरातल्या निरोगी माणसांना विलगीकरणाच्या छावणीत. मागे घराची जमीन उकरली जाई, भांडीकुंडी आणि अंथरुणे बाहेर फेकली किंवा जाळली जात.

११/
हिशेबाचा दुसरा आकडा इथे आहे. इस्पितळात जाणे हा एकट्या रुग्णाचा निर्णय उरला नव्हता. एकाने ‘मला ताप आहे’ म्हटले, की साऱ्या कुटुंबाची छावणीत रवानगी. हातावर पोट असणाऱ्याची मजुरी बुडे, दुकानदाराचे दुकान उघडे राही, देवघरापर्यंत शिपायांचे बूट जात. म्हणून लोक रुग्णाला माळ्यावर लपवत, मृत्यूची वर्दी देण्याचे टाळत. लपवण्याने रोग वाढत होता हे खरे. पण सांगण्याची किंमत इतकी जबर ठेवली, की लपवणेच शहाणपणाचे वाटावे, अशी व्यवस्था सरकारनेच उभी केली होती.

१२/
या वागणुकीविरुद्ध वेगवेगळ्या गोटांतून आवाज उठला. टिळकांनी पुणे सोडले नाही. लोकांना स्वच्छतेचे आणि उपचाराचे महत्त्व पटवत असतानाच त्यांनी ‘केसरी’तून झडत्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. पंडिता रमाबाईंनी प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी वृत्तपत्रातून उघडपणे प्रश्न विचारले. टिळक आणि रमाबाई यांचे सामाजिक प्रश्नांवर टोकाचे मतभेद होते. तरी या एका मुद्द्यावर दोघांची बोटे एकाच जखमेवर होती.

१३/
गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांच्या अत्याचारांविषयी तिथल्या वृत्तपत्रात आरोप केले. परतल्यावर ते आरोप कायद्यापुढे सिद्ध करणे त्यांना शक्य झाले नाही आणि त्यांनी माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करून त्यांना संकटात टाकणे गोखल्यांना मान्य नव्हते. पीडित स्त्रीने चारचौघांत येऊन साक्ष द्यावी, असा तो काळच नव्हता.

१४/
२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे : फाशी, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, अठरा महिन्यांची शिक्षा. मात्र या ठळक घटनांच्या झोतात त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर घडलेली एक दुसरी घटना बहुधा अंधारात राहते.

१५/
पुण्याजवळ ससाणे मळ्याच्या मोकळ्या माळावर डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. लष्करातल्या नोकरीतून ते आईच्या हाकेसरशी आले होते. आई म्हणजे सावित्रीबाई. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा आजारी असल्याचे कळताच, साठी ओलांडलेल्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन या दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावांनाही प्लेगनेच गाठले.

१६/
रँडच्या झडत्या सुरू व्हायच्या जेमतेम काही दिवस आधीची ही घटना. दोन्हीकडे रुग्णाला घरातून उचलून नेले जात होते. फरक उचलणाऱ्या हातांत होता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या वस्तीतून एका मुलाला पाठीवर घेणारी बाई त्या वस्तीला अनोळखी नव्हती. तिने तिथल्या मुलींना अक्षरे शिकवली होती, दुष्काळात अन्न दिले होते. अर्धशतकाच्या या ओळखीमुळे ‘दवाखान्यात चल’ या तिच्या शब्दांचा अर्थ वेगळा होता.

१७/
मुंबईतही हेच दुसऱ्या प्रकारे दिसले. पारशी, मुसलमान आणि हिंदूंमधल्या निरनिराळ्या ज्ञातींनी वर्गणी काढून आपापली प्लेग इस्पितळे उघडली. तिथे ओळखीचे अन्न मिळे, जवळचा नातलग उशाशी बसू शके, वैद्य-हकिमांनाही वाव असे. सरकारी इस्पितळाच्या वाटेला न जाणारी माणसे या इस्पितळांत गेली. यात जातिभेदाचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. पण औषध तेच, रोग तोच असताना माणसे एका दाराने आत जातात आणि दुसरे दार टाळतात, याचा अर्थ त्यांना उपचारच नको होते असे म्हणता येत नाही.

१८/
लसीची कथाही अशीच दुधारी आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरली गेली. तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली आणि खोजा समाजातले अनेक लोक पुढे आले. शब्दांहून त्या उघड्या दंडाने अधिक काम केले.

१९/
तरीही पुष्कळांनी लस टाळली. लस टोचल्यावर ताप येई, हात सुजे, दोन-तीन दिवस काम होत नसे. रोज कमावून खाणाऱ्याला ही किंमत मोठी होती. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. चौकशीअंती १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले, पण मधल्या पाच वर्षांत लसीवरचा विश्वास ओसरला. १९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. ती आजची हाफकिन संस्था.

२०/
आता पुन्हा खेड्यांकडे. देशावरच्या गावांत डॉक्टर नव्हता, इस्पितळ दूर तालुक्याला किंवा जिल्ह्याला. पण लोकांनी एक खूण हेरली होती : आधी उंदीर पडतात, मग माणसे. घरात उंदीर पडू लागले की गाव घरांना कुलपे लावून माळावर, शेतांत झोपड्या घालून राही. गुरे, चूल, पोरेबाळे सगळी रानात. साथ ओसरली की माणसे परतत. आजही अनेक घरांतल्या वृद्धांच्या तोंडी, त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या या झोपड्यांच्या आठवणी सापडतात.

२१/
गंमत अशी, की विज्ञान इथे गावकऱ्यांच्या मागून आले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोग करून, उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते असे दाखवले. त्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईतल्या प्लेग संशोधन आयोगाने त्याला पुष्टी दिली. म्हणजे गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला जात नव्हता. तो घरातल्या उंदरांकडून येत होता. घर सोडणे हा त्या काळी हाताशी असलेला उत्तम उपाय होता, आणि रुग्णाला ओढून नेणे हा फारसा नव्हता.

२२/
याचा अर्थ लोकांचे सगळेच बरोबर होते असा काढू नये. उंदीर पडल्यावर कोणी मुंबईहून गावी पळाला, तर सामानातल्या पिसवांसह तो नव्या गावात साथ नेऊ शकत होता. मृत्यू लपवल्याने शेजारी बेसावध राहत. लस टाळणारे अनेक जण पुढच्या हंगामात दगावले असतील. हिशेब करणारा माणूस हिशेबात चुकूही शकतो. मात्र तो हिशेब करतो आहे, हे मान्य केल्यावर त्याच्याशी बोलण्याची रीत बदलते.

२३/
सरकारने हे उशिरा ओळखले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा समाजातल्या एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. या आणि इतर ठिकाणच्या उद्रेकांनंतर सक्तीचे धोरण हळूहळू मागे घेतले गेले. स्थानिक पुढाऱ्यांना बरोबर घेणे, ज्ञातींच्या इस्पितळांना मुभा देणे, ऐच्छिक लस आणि घर सोडून जाणाऱ्यांना साहाय्य, यांवर भर आला. रोग त्यानंतरही अनेक वर्षे रेंगाळला, पण रोग्याशी चाललेले युद्ध थांबले.

२४/
पुणतांब्याच्या शेजारची शिर्डी याच काळाची आणखी एक बाजू दाखवते. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’चा आरंभच साथीने होतो : साईबाबा जात्यावर गहू दळतात आणि महामारी थोपवण्यासाठी ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला लावतात. त्याच ग्रंथात अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांच्या पत्नीची कथा आहे. मुलाला शिर्डीत असताना ताप आणि गाठी आल्या. घाबरलेली आई अमरावतीला परतण्याची अनुज्ञा मागायला जाते आणि बाबा तिला धीर देतात.

२५/
श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला त्या आईचा पेच महत्त्वाचा वाटतो. आजारी मुलाला घेऊन शेकडो मैलांचा प्रवास करावा की आहे तिथे थांबावे? प्रतिष्ठित, सुशिक्षित वकिलाच्या घरातल्या स्त्रीलाही त्या क्षणी खात्रीचा उपचार कुठेच दिसत नव्हता. तिने सल्ला मागितला तो ज्याच्यावर विश्वास होता त्याच्याकडे. गरीब असो वा श्रीमंत, साथीच्या काळातला निर्णय माणूस सहसा एकट्याने घेत नाही. तो विश्वासाच्या माणसाला विचारून घेतो.

२६/
१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, आली तेव्हा चित्र उलटे होते. कोणी शिपाई दार ठोठावत नव्हता, पण दार उघडून जावे असा दवाखानाही जवळ नव्हता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ या दशकात नगर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. दुष्काळ आणि ही साथ हे त्याचे मोठे कारण. सक्ती नसणे म्हणजे निवड असणे असे होत नाही. निवड करायला काहीतरी समोर असावे लागते.

२७/
मार्च २०२०. महाराष्ट्राने करोनासाठी पुन्हा १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. जुना प्रश्न नव्या वेशात परतला. मधुमेहाची तपासणी, गरोदरपणातली तारीख, बाळाची लस, क्षयाची औषधे, यांसाठी ठरल्या दिवशी दवाखान्यात जावे की संसर्गाच्या भीतीने टाळावे? २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून सल्ला देण्याला अधिकृत चौकट मिळाली. ज्यांच्याकडे फोन, जोडणी आणि ओळखीचा डॉक्टर होता, त्यांचा पेच त्याने थोडा हलका झाला.

२८/
इतरांचे काय झाले, ते एका आकड्यातून दिसते. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. एका वर्षात क्षय एवढा कमी झाला नव्हता. खोकणारी माणसे घरी बसली होती, काही दवाखाने करोनाकडे वळले होते, गाड्या बंद होत्या. खोकला आहे असे सांगितले तर आपल्यालाच विलगीकरणात नेतील, ही धास्तीही अनेकांच्या मनात होती. १८९७ ची माळ्यावरची अंधारी जागा वेगळ्या रूपात पुन्हा दिसली.

२९/
प्लेगच्या इतिहासात चापेकरांची गोळी आहे, हाफकिनची सुई आहे आणि सावित्रीबाईंची पाठही आहे. साथीच्या काळात माणूस दवाखान्याची पायरी चढतो की नाही, हे चार गोष्टींवर ठरते : आत गेल्यावर काय होणार हे त्याला कोणी समजावून सांगितले का, त्याच्या अंगाला हात लावताना त्याची संमती विचारली का, मागे उरलेल्या घराची कोणी काळजी घेतली का, आणि बोलावणारा माणूस साथीच्या आधीही कधी त्याच्या दारी आला होता का. पुण्यात १८९७ च्या मार्चमध्ये या चारही प्रश्नांची उत्तरे रँडच्या झडत्यांनी एक दिली, आणि ससाणे मळ्यातल्या त्या दवाखान्याने दुसरी.